अण्णाची फिर्याद, माझी साक्ष

माझे वडील आणि अण्णाचे वडील सख्खे भाऊ. कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्यात, संतपूरच्या पलीकडं, औराद तालुक्यातल्या एका गावात आमचं घर. छप्पन्नच्या धर्मांतरानंतर थोरल्या काकांनी आमच्या सगळ्या आळीबरोबर बौद्ध धम्म घेतला. माझे वडील तेव्हा बीदरला मिशनच्या बोर्डिंगात शिकत होते. त्यांनी तिथं बाप्तिस्मा घेतला. दोघा भावांनी एकाच अपमानाकडं पाठ फिरवली आणि दोन दारांनी बाहेर पडले, एवढंच. त्यावरून त्यांच्यात कधी वाजलं नाही. नाताळला काका आमच्या घरी करंज्या खायला यायचे, आणि चौदा एप्रिलला वडील पांढरा सदरा घालून गावाकडं जायचे.

अण्णा म्हणजे काकांचा थोरला मुलगा. आता सत्तरीला आलाय. गावातच राहतो, सोयाबीन आणि तूर करतो. मी बीदरला मैलूर भागात राहते. मराठी माध्यमाच्या हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झाले. मालक गेले, मुलगी हैदराबादला नोकरीला आहे. रविवारी चर्च, बुधवारी बायकांची प्रार्थनासभा, बाकी दिवस घर. वर्तमानपत्र वाचून एकटीच चिडचिड करणारी बाई आहे मी, हे मुलगीही सांगेल. पण पुढं जे सांगते त्याला चिडचिड म्हणू नये.

दोन वर्षांमागं मे महिन्यात अण्णाच्या धाकट्या मुलाचं लग्न होतं. मी आदल्या दिवशीच गावी गेले. उन्हानं जीव नकोसा झाला होता आणि पाहुण्यांसाठी सांगितलेले पाण्याचे जार वेळेवर आले नव्हते. गावात पंचायतीनं फिल्टर बसवलेलं आहे. एक खोली, भिंतीबाहेर आलेली नळी आणि नाणं टाकायची खाच. पाच रुपयांचं नाणं टाकलं की एक कॅन भरतो. अण्णा दोन रिकामे कॅन घेऊन निघाला. घरात बायकांची गर्दी, चूल, धूर. मी म्हटलं, मीही येते.

अण्णानं नाणं टाकलं, पाणी सुरू झालं, आणि त्यानं नळी कॅनच्या तोंडात घातली. तेवढ्यात मोटरसायकलवरून एक जण आला. गावातल्या मोठ्या शेतकरी घरातला, पस्तिशीचा असेल. त्यांच्या शेतात माझ्या काकांनी सगळी हयात काम केलं होतं. त्याच्या आईला मी चांगली ओळखते. गाडीवरूनच तो ओरडला, "ए, नळीला हात लावू नको!"

अण्णानं शांतपणे विचारलं, "कामून? नाणं टाकलंय की."

"नाणं टाकलं मनून काय झालं? तुमच्या आळीला टाकी हाय न्हवं? हे सगळ्या गावानं प्यायचं पाणी हाय."

आणि त्यानं आमच्या जातीचं नाव घेतलं. ते नाव कसं घेतलं जातं हे ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी ऐकलं नाही त्यांना लिहून कळणार नाही.

मी पुढं झाले. म्हटलं, "तोंड सांभाळून बोल. तुझ्या वयाची पोरं शिकवलीत मी."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू ती बीदरची किरिस्ताव न्हवं? येशूचं पाणी डोक्यावर घेतलं मनून जात धुऊन गेली व्हय तुझी? तू बी तीच." पुन्हा तेच नाव, या वेळी मला, आणि बाईला लावायची एक शिवी पुढं जोडून.

मग त्यानं कॅनला लाथ मारली. अण्णा कॅन उचलायला वाकला तर त्याला ढकललं. अण्णा सिमेंटच्या पायरीवर पडला, कोपर सोलून रक्त आलं. शेजारच्या किराणा दुकानाचा मालक बाहेर येऊन उभा होता. घागर घेऊन दोन बायका आल्या होत्या. तिघंही खाली बघत राहिले. तो गाडी चालू करून निघून गेला. आमच्या नाण्याचं पाणी अजून संपलं नव्हतं, ते नळीतून गटारात वाहत होतं.

घरी येताना अण्णा एवढंच म्हणाला, "लग्न होऊ दे बाई. उद्या कुणाला काय बोलू नको."

लग्न झालं. पंचशील झालं, फोटो झाले, जेवणं झाली. पाणी संतपूरहून आणलं. मी सगळ्यांत बसून हसत होते आणि माझ्या कानात त्याचं 'तू बी तीच' घुमत होतं. नवरानवरीला घरात घेतलं, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या सकाळी अण्णानं धुतलेला सदरा घातला. म्हणाला, "चल."

पोलीस ठाण्यातले साहेब कन्नडिग, पण मराठी स्वच्छ बोलत होते. आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा सांगितला. मी त्यांच्याविरुद्ध एक अक्षर बोलणार नाही. त्यांनी अण्णाची हकीकत नीट ऐकली, लिहून घेतली, अनुसूचित जातींवरच्या अत्याचाराचा कायदा लावतो म्हणाले. मग माझ्याकडं वळले. मी झालं तसं सगळं सांगितलं. मला दिलेली शिवीही सांगितली. साठी उलटलेल्या बाईला ती शिवी चार पोलिसांसमोर उच्चारताना काय होतं ते माझं मला ठाऊक.

साहेबांनी विचारलं, "धर्म?"

"ख्रिस्ती."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग अक्का, तुम्हाला हा कायदा लागत न्हाई."

"का लागत नाही?"

"अनुसूचित जात म्हणजे हिंदू, शीख न्हाईतर बौद्ध पाहिजे. अण्णा बौद्ध हायत, ते बसतात. तुम्ही बसत न्हाई. कायद्यानं तुम्हाला जातच न्हाई."

"साहेब, त्यानं दोघांनाही एकच नाव घेऊन हिणवलं. एकाच जागी, एकाच तोंडानं. मी ख्रिस्ती आहे हे माहीत असून हिणवलं. येशूच्या पाण्यानं तुझी जात धुतली गेली नाही, असं त्याच्याच तोंडचं वाक्य आहे!"

"ते मला कळतंय. कायद्याला कळत न्हाई." ते जरा घुटमळले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "शाळेच्या दाखल्यावर काय हाय तुमच्या? लई जणांच्या दाखल्यावर हिंदूच असतंय. तसं असेल तर काहीतरी बघता येईल."

माझ्या दाखल्यावर ख्रिस्तीच आहे. वडिलांनी शाळेत नाव घालताना खरं ते सांगितलं होतं. हे ऐकून साहेबांनी मान हलवली. वडिलांचा व्यवहार चुकला, असं त्या मान हलवण्यात होतं, आणि तिथं माझा तोल सुटला. मी उठून उभी राहिले. "माझ्या वडिलांनी खोटं लिहिलं असतं तर आज मला न्याय मिळाला असता, असं म्हणताय ना तुम्ही?"

अण्णानं माझा हात धरून मला खाली बसवलं. साहेबांनी पेन पुन्हा उचललं. अण्णाच्या फिर्यादीत माझं नाव साक्षीदार म्हणून घातलं.

परत येताना जीपमध्ये अण्णा म्हणाला, "आमाला बी लई वर्सं असंच मनायचे. बौद्ध झालाव, आता कसली जात तुमची! आमचं नाव कायद्यात घालायला किती मोर्चे काढलाव, तुला आठवतंय का न्हाई?"

मला आठवत होतं. काका औरादच्या मोर्च्याला चालत गेले होते आणि माझ्या वडिलांनी घरी त्यांच्यासाठी प्रार्थना केली होती. बौद्धांचं नाव कायद्यात आलं तेव्हा वडिलांनी पेढे वाटले होते. आपलंही येईल, असं ते मरेपर्यंत म्हणत राहिले.

तेव्हापासून दिल्लीतल्या बातम्या मी वेगळ्या कानांनी ऐकते. टीव्हीवर एक जण छातीठोक सांगतो, ख्रिस्ती धर्मात जात नसते, मग यांना संरक्षण कशाला? वा! माझ्या धर्माचं इतकं ज्ञान याला कधी झालं? हाच माणूस दुसऱ्या दिवशी सांगणार की हे तांदळाच्या पोत्यासाठी बाटलेले लोक, यांची निष्ठा परदेशात. जात द्यायची नसली की आम्ही पक्के ख्रिस्ती, आणि देश द्यायचा नसला की आम्ही बाटगे. आणि त्याच्या समोर बसलेले ते दुसरे, आमचे कैवारी! नाताळला चर्चमध्ये येतात, पहिल्या बाकावर बसतात, केक कापतात, तुमचा प्रश्न आमच्या मनात आहे म्हणतात. इतकी वर्षं यांच्या मनात आहे, कागदावर यायला रस्ता सापडत नाही. सत्ता असते तेव्हा समिती नेमतात, सत्ता गेली की आमच्यासाठी गळा काढतात. मी मत देते, दर वेळी देते, ऊन असो नाहीतर रांग असो. पण आता बोटाला शाई लावताना मला अभिमान वाटत नाही. राग येतो.

आणि आमच्या चर्चच्या मंडळीचं काय सांगू? गोष्ट बीदरभर पसरली तसे आमचे पाळकसाहेब घरी आले. तरुण आहेत, मनानं चांगले आहेत. प्रार्थना केली आणि मग म्हणाले, "मावशी, दिवस कसे आहेत बघता ना? एखाद्या खेड्यात प्रार्थनेला चार लोक जमले तरी धर्मांतर चाललंय म्हणून ओरड होते. अशात आपलं नाव कोर्टकचेरीत नको. प्रभू म्हणतो क्षमा करा. आणि तसं बघितलं तर ख्रिस्तात जात कुठं आहे? आपण जातीच्या भांडणात पडायचं म्हणजे..."

मी त्यांना मध्येच थांबवलं. "पाळकसाहेब, मागच्या महिन्यात तुमच्या बहिणीचं लग्न जमवताना मुलाकडच्यांनी काय विचारलं होतं? तुम्हीच सांगितलंत मला. मूळचे कोण म्हणून विचारलं ना? ते ख्रिस्तातलेच होते ना?"

त्यांनी हातातलं बायबल मिटलं.

"आणि क्षमेचं म्हणाल तर मी तयार आहे. पण तो कुठं म्हणतोय की चुकलं? न मागितलेली क्षमा मी कुठं नेऊन ठेवू? त्याच्या दाराशी?"

चहा न पिताच गेले बिचारे. मला वाईट वाटलं, पण शब्द परत घ्यावेसे वाटले नाहीत.

पावसाळ्यानंतर अण्णाचा फोन आला, "समझोत्याला यायलेत, तू बी ये." मी गेले. अण्णाच्या अंगणात सतरंजी टाकली होती. तो माणूस, त्याचे चुलते आणि गावातले आणखी काही जाणते आले होते. जामिनावर सुटून आलेला तो चेहरा उतरून बसला होता. चुलत्यांनी खूण केली तसा उठला, अण्णाच्या पायाशी वाकला. "चुकलं माझं. रागाच्या भरात बोललो."

अण्णानं पाय मागं घेतले. "पाया नको पडू. बस." मग माझ्याकडं हात करून म्हणाला, "आता हिला मन."

तो उभाच राहिला. माझ्याकडं बघेना. चुलते मध्ये पडले, "बाईचा काय संबंध आता? फिर्याद तुझी हाय. वकिलानं सांगितलंय, कायद्यानं बाईला जातच न्हाई. बाईपुढं वाकलं तर उगं दुसरी केस अंगावर यायची."

पोलीस ठाण्यात जे वाक्य ऐकून मी चिडले होते तेच आता या अंगणात, माझ्या घरच्या मातीवर, ढालीसारखं पुढं धरलं होतं. शिवी देताना लागणारी माझी जात माफी मागताना मात्र यांना लागत नव्हती.

अण्णा उठून उभा राहिला. एवढ्या वर्षांत मी त्याचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "फिल्टरवर हिची जात तुमच्या पोरानंच सांगितली सगळ्या गावाला. आता वकिलाला इचारून काढून घ्यायलाव व्हय? उठा. उठा माझ्या सतरंजीवरून. कोर्टातच बोलू."

ते गेले. अण्णा पायरीवर बसला. वहिनीनं पाणी आणून दिलं. मी म्हटलं, "अण्णा, मिटवायचं होतंस रे. तुला याच गावात राहायचंय."

"मनूनच न्हाई मिटवलं," तो म्हणाला.

पुढं त्याला त्याची किंमत मोजावी लागली. त्याच्या तुरीच्या काढणीला ट्रॅक्टर मिळेना. दूध घालायचं केंद्र बदलावं लागलं. किराणा दुकानदार उधार सोडा, रोखीनंही सामान देताना वेळ लावायचा. हे सगळं सोसून तो दर तारखेला कोर्टात यायचा आणि मी मैलूरहून जाऊन त्याच्याशेजारी बाकावर बसायची. तारखांवर तारखा पडत गेल्या. मुलगी फोनवर म्हणायची, "आई, तुझं काय आहे त्यात, कशाला जातेस?" मी म्हणायची, माझं सगळंच आहे त्यात, फक्त लिहिलेलं नाही.

दुकानदारानं साक्ष फिरवली. आपण आत होतो, काही बघितलं नाही म्हणाला. मग माझी पाळी आली. आरोपीचा वकील मोठा गोड बोलणारा. "बाई, तुम्ही ख्रिस्ती. तुमच्या धर्मात जात नाही हे खरं ना?"

"बायबलात नाही."

"म्हणजे तुम्हाला जात नाही. मग जातीवरून तुमचा अपमान झाला असं तुम्ही कसं म्हणता?"

"मी म्हणत नाही, तुमचे अशील म्हणाले. मला जात आहे की नाही हे तुम्ही आधी त्यांना विचारून घ्या."

कोर्टात कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी मला समज दिली, विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्या. मी दिली तेवढीच उत्तरं. पण हसू आलं नाही मला. हा सुशिक्षित माणूस, काळा कोट घातलेला, मला माझ्याच अपमानाचा पुरावा मागत होता आणि कायदा त्याच्या बाजूनं उभा होता.

माझ्यानंतर एक बाई साक्षीला उभी राहिली आणि मी चमकले. फिल्टरवर घागर घेऊन आलेल्या दोघींपैकी ती एक. त्या माणसाच्याच जातीची, त्याच्या भावकीतली. तिनं पदर डोक्यावरून घेतला आणि सगळं सांगितलं. जातीचं नाव, लाथ, ढकलणं, आणि मला काय म्हणाला तेही, एकही शब्द न गाळता. वकिलानं उलटसुलट विचारलं, ती हलली नाही.

बाहेर आल्यावर मी तिला गाठलं. "कशी आलीस गं? घरच्यांनी येऊ दिलं?"

"कुठले यायला देतेत," ती म्हणाली. "मालक बोलत न्हाईत माझ्याशी. पण माझ्या डोळ्यापुढं झालंय ते, न्हाई कसं मनू?" आणि बस निघायची म्हणून घाईघाईनं गेली. त्या दिवशी तिघंही खाली बघत होते म्हणून मी किती शिव्याशाप दिले होते मनात!

निकाल लागला. अण्णाला जातीवरून हिणवल्याबद्दल आणि ढकलल्याबद्दल त्या माणसाला शिक्षा झाली. त्यानं वर अपील केलंय, जामिनावर बाहेर आहे. निकालात मी साक्षीदार आहे. मला जातीवरून जे बोलला त्याबद्दल कुठंही काही नाही, कारण कायद्याच्या हिशेबी ते घडलंच नाही. अण्णा म्हणाला, "ही शिक्षा दोघांची हाय बाई." त्याचं मन मोठं आहे. पण मी गणिताची मास्तरीण, मला ती बेरीज पटत नाही.

निकालानंतरच्या आठवड्यात पाळकसाहेबांचा फोन आला. "मावशी, प्रभूनं विजय दिला. रविवारी उपासनेत साक्ष द्या ना, मंडळीला बळ मिळेल." आमच्याकडं साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगणं. आजार बरा झाला, नोकरी लागली, असं. मला आधी त्या विजय शब्दाचाच राग आला. कुणाचा विजय? पण मी हो म्हटलं.

रविवारी मी पुढं जाऊन उभी राहिले आणि झालं ते सगळं सांगितलं. मग म्हटलं, "या मंडळीत असे पुष्कळ आहेत ज्यांना रविवारी एक धर्म आणि सोमवारी कचेरीत दुसरा धर्म सांगावा लागतो. मला त्यांचा राग नाही. पोटासाठी, पोरांच्या शिक्षणासाठी माणूस काय करणार? मला राग आहे तो खरं बोलणाऱ्याला शिक्षा करणाऱ्या राज्याचा. देवानं माझ्यासाठी काय केलं म्हणाल, तर मला बौद्ध भाऊ दिला आणि कोर्टात खरं बोलणारी एक हिंदू बाई दिली. आपल्यातलं एकही माणूस तिथं आलं नाही. तारखेला सोबत म्हणूनसुद्धा नाही."

कुणी आमेन म्हटलं नाही. मी जागेवर येऊन बसले आणि पाळकसाहेबांनी घाईनं पुढचं गाणं लावलं.

उपासना सुटल्यावर मंडळीचे चिटणीस दारात भेटले. चेहरा पांढरा पडलेला. "बाई, दाखल्यावरच्या धर्माचं उघड बोलायला नको होतं. कुणी रेकॉर्ड करून बाहेर दिलं तर आमची नोकरी जाईल." त्यांच्या डोळ्यांतली भीती खरी होती. मी म्हटलं, "नाव कुणाचंच घेतलं नाही मी." पण त्या रविवारपासून ते माझ्याशी बोलत नाहीत. बुधवारच्या प्रार्थनासभेतल्या दोघीजणीही मला बघून वाट बदलतात. ज्या राज्यानं त्यांना दोन तोंडांनी बोलायला लावलं त्याचा त्यांना राग येत नाही. माझा येतो. आणि हेच त्या दिल्लीवाल्यांना हवं आहे, हे समजतं म्हणून तर माझा जीव आणखी जळतो.

मी चर्च सोडलेलं नाही, सोडणारही नाही. माझ्या वडिलांनी कशाच्या लोभानं ते धरलं नव्हतं, मी कशाच्या भीतीनं सोडू? रोज संध्याकाळी प्रभूची प्रार्थना म्हणते. त्यातली अपराध्यांना क्षमा करण्याची ओळ जड जाते, तरी ती गाळत नाही. त्यानंतर देशासाठी आणि राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करायची आमची रीत आहे. पूर्वी मी म्हणायची, प्रभू, त्यांना सुबुद्धी दे. आता म्हणते, प्रभू, त्यांना लाज दे.

अपिलाची तारीख अजून लागलेली नाही. लागली की अण्णा फोन करील आणि आम्ही दोघं जाऊ.